प्रॅक्टिकलच्या परीक्षकांना खुलं पत्र: मार्क उत्तराला नको, रीडिंगला द्या

प्रॅक्टिकलचे पेपर काढणारे, मार्कांची वाटणी ठरवणारे आणि परीक्षेच्या दिवशी टेबलाटेबलावर फिरणारे सगळे सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

सरळ मुद्द्यावर येते. मुलाचं शेवटचं उत्तर पुस्तकातल्या आकड्याच्या किती जवळ आलं हे बघून मार्क देणं बंद करा, आणि त्याने स्वतःच्या हाताने घेतलेल्या रीडिंगला, ते कसंही आलं असलं तरी, मार्क द्या. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पण ते का म्हणतेय हे नीट सांगायचं तर जरा लांबेल, तेवढा वेळ द्या.

माध्यमिक शाळेच्या लॅबमध्ये ज्याने कुणी काम केलंय त्याला माहितीये की परीक्षेच्या दिवशी रीडिंग घेतली कमी जातात आणि पाडली जास्त जातात. उत्तर काय यायला हवं हे मुलांना आधीच पाठ असतं, जी (गुरुत्वीय त्वरण) म्हणजे ९.८, काचेचा अपवर्तनांक १.५, मग मूल उत्तरापासून सुरुवात करतं आणि उलटं चालत ऑब्झर्वेशन टेबलापर्यंत येतं. ८० सेंटिमीटरच्या लंबकाला टी, म्हणजे एका आंदोलनाचा वेळ, किती यायला पाहिजे ते काढायचं, त्याला वीसने गुणायचं, मग खरं वाटावं म्हणून कुठे ०.१ वाढवायचं कुठे ०.१ कमी करायचं, झालं टेबल तयार. आणि हे सगळ्यात पटकन कोण करतं तर वर्गातली हुशार मुलं, कारण त्यांना फॉर्म्युला उलटा फिरवता येतो. ती हुशारी खरीच आहे, मी तिला नावं ठेवत नाही, पण ती गणिताची आहे, प्रयोगाची नाही, आणि आपण तिला प्रयोगाचे मार्क देतोय. त्याच टेबलावर शेजारी बसलेल्या, खरोखर स्टॉपवॉच हातात घेऊन आंदोलनं मोजलेल्या आणि १०.९ उत्तर आलेल्या मुलीचे मार्क मात्र कापले जातात. ती मुलगी पुढच्या वेळी काय करेल ते वेगळं सांगायला नको.

आता ते १०.९ जरा बघू या, कारण मला वाटतं प्रॅक्टिकलमधलं अर्धं शिक्षण त्या आकड्यात आहे.

साधा लंबक, एक मीटर लांबीचा, त्याचा आवर्तकाल, म्हणजे तोच टी, साधारण दोन सेकंद. वीस आंदोलनांना चाळीस सेकंद लागायला हवेत. मुलीने गोळा सोडला आणि सोडतानाच "एक" म्हणाली. म्हणजे "वीस" म्हणाली तेव्हा प्रत्यक्षात आंदोलनं एकोणीसच झालेली होती, पण भागलं तिने वीसने. आवर्तकाल पाच टक्के कमी आला, आणि जी काढताना त्याचा वर्ग छेदात जातो म्हणून जी जवळजवळ अकरा टक्के जास्त आला, ९.८ चा १०.९ झाला. म्हणजे तो आकडा चूक कुठे झाली ते स्वतःच सांगतोय! परीक्षकाने तिच्याजवळ उभं राहून फक्त एवढं म्हणायचं की परत मोजून दाखव बरं, आणि ती "एक" कुठे म्हणते ते ऐकायचं. ती "शून्य" म्हणून सुरू करायला शिकली की आयुष्यभर विसरणार नाही. पण तिने खाडाखोड करून ९.८ लिहिलं तर ही चूक कुणालाच कधी दिसणार नाही, तिलाही नाही.

आणि वीस आंदोलनंच का मोजायची हे तरी किती मुलांना माहिती असतं? पुस्तकात वीस दिलंय म्हणून वीस. खरं कारण असं की बटण दाबताना माणसाच्या हाताला साधारण ०.२ सेकंद इकडेतिकडे होतातच. दोन सेकंदाचं एकच आंदोलन मोजलं तर ही दहा टक्के चूक झाली आणि जी मध्ये ती दुप्पट होऊन वीस टक्के. चाळीस सेकंद मोजले तर तीच ०.२ सेकंदांची चूक अर्ध्या टक्क्यावर येते. हे कारण समजलेलं मूल वीसच्या ऐवजी तीस मोजेल, नाहीतर लंबक लवकर थांबत असेल तर पंधरा मोजेल आणि तसं का केलं ते सांगेल. तसंच मोजणी टोकापाशी सुरू करायची का मधल्या रेषेपाशी? टोकाला गोळा रेंगाळतो, नेमका कधी वळला ते डोळ्याला कळत नाही, मधे तो सगळ्यात वेगात असतो म्हणून मधली खूण ओलांडतानाचा क्षण नेमका पकडता येतो. या गोष्टी पुस्तकातल्या कृतीत एका ओळीत येऊन जातात आणि मुलं ती ओळ वाचत नाहीत कारण त्या ओळीला मार्कच नाहीत.

अजून एक. लांबी मोजताना बरीच मुलं दोरी हुकपर्यंतच मोजतात, गोळ्याच्या मध्यापर्यंत नाही. एका लांबीवरून उत्तर काढलं तर जी थोडा कमी येतो आणि मूल तो गुपचूप वाढवतं. पण त्याने पाचसहा वेगवेगळ्या लांब्या घेऊन टी स्क्वेअर विरुद्ध लांबी असा ग्राफ काढला तर चूक असूनही रेषेचा उतार बरोबरच येतो! फक्त रेष शून्यातून जात नाही, लांबीच्या अक्षाला मागे उणे बाजूला कापते, आणि जिथे कापते तेवढं अंतर म्हणजे त्याने मोजायचं सोडलेलं, हुकपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतचं. मला हे दरवेळी बघताना फार छान वाटतं, की चुकीच्या मोजणीतूनही ग्राफ खरं काढून दाखवतो. पण हे कधी घडतं, तर मुलाने बिंदू जिथे आले तिथेच ठेवले तर. आपली मार्किंग त्याला सांगते की रेष शून्यातून गेलीच पाहिजे, मग ते बिंदूच सरकवतं.

रसायनशास्त्राच्या टेबलावरही हेच चालतं. टायट्रेशनची (एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून क्रिया कुठे पूर्ण होते ते मोजण्याची) तीन रीडिंग १०.०, १०.०, १०.० अशी दिसली की आपण खूश होतो आणि पूर्ण मार्क देतो. जरा विचार करा, शाळेतल्या ब्युरेटचा, म्हणजे तोटी असलेल्या मोजनळीचा, लीस्ट काउंट (वाचता येणारं सगळ्यात लहान माप) ०.१ मिली, एका थेंबाचं आकारमान साधारण ०.०५ मिली, आणि पहिल्यांदा करणाऱ्या मुलाचा पहिला अंदाज हमखास पुढे जातो. खरं टेबल असं दिसेल, पहिलं १०.७, ते रफ, मग १०.२, मग १०.१, मग १०.२. हे टेबल काढलेल्या मुलाने काम केलेलं आहे हे वाचताच कळतं. त्याने पहिलं रीडिंग खोडलं नाही, बाजूला रफ असं लिहिलं आणि सरासरीत धरलं नाही, हे कौशल्य आहे, याला मार्क हवेत.

टायट्रेशनमध्ये बघण्यासारखं तर इतकं आहे की परीक्षकाने एकाच मुलाजवळ तीन मिनिटं नुसतं उभं राहिलं तरी त्याला सगळं कळेल. ब्युरेट भरल्यावर फनेल काढला का, का तो वरच राहिला आणि मधेच दोन थेंब टपकले? तोटीच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहिलाय का? राहिला आणि मधेच निघाला तर तेवढं द्रावण फ्लास्कमध्ये न जाताच रीडिंगमध्ये धरलं जातं. डोळा द्रावणाच्या पातळीला आणला का, का उभ्याउभ्या वरून वाचलं? पांढरी टाइल खाली ठेवली का? पिपेटमधला (ठरावीक द्रावण मोजून घ्यायच्या नळीतला) शेवटचा थेंब फुंकून काढला का टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवून तेवढंच सोडून दिलं? ब्युरेट आणि पिपेट ज्याच्या त्याच्या द्रावणाने विसळायचे पण फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने, हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, पण का विचारलं की शांतता. अहो, फ्लास्क द्रावणाने विसळला तर पिपेटने मोजून घेतलेल्या दहा मिलीपेक्षा थोडं जास्त द्रावण आत जातं, मग पिपेटने मोजण्याचा उपयोग काय राहिला? आणि पाणी राहिलं तर काही बिघडत नाही कारण मोजून टाकलेला पदार्थ तेवढाच राहतो. एवढं एक उत्तर ज्याला देता आलं त्याला तोंडी परीक्षेत दुसरा प्रश्नच विचारायची गरज नाही असं माझं मत आहे.

फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा गुलाबी रंग थोड्या वेळाने फिका पडतो, मुलं घाबरतात आणि अजून अल्कली सोडतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळतो म्हणून तसं होतं. फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की तोच एंड पॉइंट, पुढे जायचं नाही. गडद गुलाबी फ्लास्क पुढे करून "मॅडम आला कलर" म्हणणारी मुलं दर बॅचला असतात, पण फिका रंग आला की थांबायचं हे त्यांना आधी दाखवलंय कुणी?

जीवशास्त्राबद्दल थोडक्यात. कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड लावलेली असते आणि जर्नलमध्ये किंवा उत्तरपत्रिकेत विटांसारख्या नीटनेटक्या पेशी काढलेल्या असतात, प्रत्येकीत केंद्रक, सगळं पुस्तकातलं. आयपीसमधून बघितलं तर तिथे पापुद्रा दुमडलेला असतो आणि अर्ध्या भागात हवेचे बुडबुडे, जाड काळ्या कडेचे गोल. कव्हरस्लिप एका कडेने टेकवून सुईने हळूहळू खाली सोडली असती तर हवा अडकली नसती. माझी विनंती एवढीच की आकृती तपासायच्या आधी एकदा मायक्रोस्कोपमध्ये डोकवा. दोन्ही एकमेकांसारखं दिसत नसेल तर आकृती कितीही सुबक असली तरी ती निरीक्षण नाही. आणि ज्याने दुमडलेला पापुद्रा दुमडलेलाच काढला आणि बुडबुड्याला बुडबुडा असं नाव दिलं त्याला खुशाल जास्त मार्क द्या.

ओहमच्या नियमात मुलं कळ दाबून ठेवतात आणि निवांत रीडिंग लिहीत बसतात, तेवढ्यात तार तापते, रोध वाढतो आणि शेवटचे दोन बिंदू रेषेवरून घसरतात. इथे दोन रस्ते असतात. एक म्हणजे बिंदू उचलून रेषेवर ठेवायचा. दुसरा म्हणजे त्याच्याभोवती गोल करायचा, कळ उघडून तार गार होऊ द्यायची आणि तेच रीडिंग परत घ्यायचं, आणि दोन्ही टेबलात ठेवायची. आज पहिल्या रस्त्याला पूर्ण मार्क मिळतात आणि दुसऱ्या रस्त्यावरच्या मुलाला "हे काय गिचमिड केलंय" ऐकावं लागतं. हे उलटं व्हायला पाहिजे.

कुणी म्हणेल शाळेच्या पातळीवर एवढा खरेखोटेपणा कशाला बघायचा, मुलं पुढे कॉलेजात शिकतील. मला हे अजिबात पटत नाही. सवय लागते ती याच वयात. आणि न जुळणारा आकडा तसाच ठेवल्याने काय होतं याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं आहे. ते नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून उरलेला नायट्रोजन थोडा जड येत होता आणि अमोनिया वापरून मिळवलेला थोडा हलका. सुरुवातीला फरक हजारात एक एवढाच, कारण त्या दुसऱ्या नायट्रोजनमध्येही बराचसा हवेतूनच आलेला होता. आता आपल्या लॅबमधलं मूल काय करेल? सरासरी काढून मोकळं होईल, आपणही त्यावर बरोबरची खूण करू. रॅलेंनी काय केलं तर तो फरक मोठा कसा होईल ते बघितलं, सगळाच्या सगळा नायट्रोजन अमोनियापासून मिळवला, आणि फरक दोनशेत एक इतका वाढला. हवेतल्या नायट्रोजनचा एक लिटर सुमारे १.२५७ ग्रॅम आणि रासायनिक पद्धतीने मिळवलेल्याचा सुमारे १.२५१. १८९२ मध्ये त्यांनी हे कोडं नेचर मासिकात पत्र लिहून जाहीर मांडलं की कुणाला कारण सुचतंय का. पुढे विल्यम रॅम्झी यांच्याबरोबर त्यांनी १८९४ मध्ये त्या अर्ध्या टक्क्यातून आरगॉन शोधून काढला, हवेचा जवळजवळ एक टक्का भाग असलेला वायू जो तोपर्यंत कुणाला माहितीच नव्हता, आणि १९०४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, रॅलेंना भौतिकशास्त्राचं आणि रॅम्झींना रसायनशास्त्राचं.

याच्याही शंभर वर्षांहून आधी, १७८५ मध्ये, हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेतल्या नायट्रोजनवर विजेच्या ठिणग्या टाकून तो संपवायचा प्रयत्न केला होता आणि शेवटी एक छोटा बुडबुडा उरला, मूळ आकारमानाच्या १/१२० पेक्षा जास्त नाही असं त्यांनी लिहून ठेवलं. उरला तर उरला, कोण बघतंय, असं म्हणून सोडून दिलं नाही. तो बुडबुडा बहुतेक आरगॉनच होता. आपल्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक वेड्यावाकड्या रीडिंगमागे नवा वायू नसतो हे मलाही कळतं, बहुतेक वेळा मागे ढिला स्क्रू किंवा चुकलेली मोजणी असते. पण ढिला स्क्रू सापडायलासुद्धा रीडिंग खरंच लागतं.

आता प्रत्यक्षात काय करता येईल ते सांगते, कारण नुसती तक्रार करून तुमचा वेळ घ्यायचा नाहीये. मला माहितीये की एका परीक्षकाकडे मुलं खूप असतात, वेळ कमी असतो आणि सामान जुनं असतं. म्हणून खर्चाचं काहीच मागत नाही.

पहिलं म्हणजे रीडिंग पेनने आणि थेट उत्तरपत्रिकेवरच लिहायला लावा, रफ कागदावर नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. खाडाखोडीचे मार्क कापू नका. पहिलं रीडिंग झालं की परीक्षकाने फिरताफिरता त्याच्या बाजूला सही करायची, एवढ्याने उलटं गणित करण्याची सोय निम्मी संपते.

मग उपकरणं. सगळ्यांना एकसारखी मापं देऊ नका. प्रत्येक टेबलावर वेगळी तार, वेगळा गोळा, वेगळ्या तीव्रतेचं द्रावण, आणि कुठल्या टेबलाचं उत्तर काय यायला हवं ते परीक्षकाने त्याच सामानावर सकाळी स्वतः प्रयोग करून काढून ठेवायचं. मुलाचं उत्तर त्याच्याशी ताडून बघा, पुस्तकाशी नाही. ज्या व्हर्नियरमध्ये झीरो एरर आहे तो कपाटात टाकू नका, मुद्दाम परीक्षेला ठेवा! जबडे मिटल्यावर शून्यावर शून्य येत नाही हे ज्याने बघितलं आणि शेवटच्या रीडिंगमधून बरोबर चिन्हाने वजा केलं त्याची परीक्षा तिथेच झाली. स्क्रू गेजमध्ये रॅचेटने फिरवतोय का थेट थिंबल आवळतोय हे तर लांबूनही दिसतं.

आणि तोंडी परीक्षा. "व्याख्या सांग", "सूत्र सांग", "एकक सांग" हे लेखी पेपरात विचारून झालेलं असतं. तोंडी परीक्षेत मुलाच्या समोरच्या टेबलावर बोट ठेवून विचारा, हे तिसरं रीडिंग इतकं वेगळं का आलं असेल? याच सामानात अजून अचूक मोजायचं असेल तर काय बदलशील? व्होल्टमीटर ०.१ पर्यंतच वाचता येतो तर तुझ्या उत्तरात दशांशानंतर चार आकडे कुठून आले? हा शेवटचा प्रश्न तर सगळ्यांना विचारा, कॅल्क्युलेटरवर दिसतात तेवढे सगळे आकडे उतरवून काढायची सवय फार खोल गेलीये. दोनच प्रश्न विचारा पण असे विचारा. ज्याने टेबल घरून पाठ करून आणलंय त्याला या प्रश्नांची उत्तरं देताच येत नाहीत.

लेखी पेपरमध्ये प्रयोगावरचे प्रश्न घालून प्रत्यक्ष परीक्षेला पर्याय द्यायची कल्पनाही बऱ्याच ठिकाणी आहे. इंग्लंडमध्ये २०१५ पासून सुरू झालेल्या ए लेव्हलच्या (शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या) अभ्यासक्रमात प्रयोगाचं मूल्यमापन ग्रेडपासून वेगळं काढलं, किमान बारा प्रयोग करून घ्यायचे, कौशल्यं आली का नाही त्याचा शेरा वेगळा, आणि लेखी पेपरात निदान १५ टक्के मार्क प्रयोगाच्या समजेवर. यातली एक गोष्ट मला पटते, की वर्षभर हाताखालून गेलेल्या कामाची नोंद एका दिवसाच्या गडबडीपेक्षा जास्त खरी असते. पण कागदावरच्या प्रश्नाने हात तपासता येत नाही. पिन सरळ टोचता येणं, पॅरॅलॅक्स (बघायची जागा बदलली की वस्तू सरकल्यासारखी दिसणं) गेलाय का ते डोकं हलवून बघणं, काचेच्या ठोकळ्यातून बघताना पिनांची टोकं न बघता त्यांचे पाय एका रेषेत आणणं, हे लिहून दाखवता येणारं नाही. ते बघायला कुणीतरी शेजारी उभं राहावंच लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे तुम्ही.

सुरक्षिततेचे मार्क मात्र आताच वेगळे काढा, याला थांबू नका. पानातलं क्लोरोफिल काढायला अल्कोहोल थेट ज्योतीवर तापवणारं मूल बाकी सगळं बरोबर करत असलं तरी त्याला तिथेच थांबवायला हवं, अल्कोहोल ७८ अंशाला उकळतं आणि त्याची वाफ लगेच पेट घेते, ते गरम पाण्याच्या भांड्यातच ठेवायचं. परीक्षानळीचं तोंड शेजाऱ्याकडे नको, वास घ्यायचा तो हाताने वारा घेऊन, नाक नळीवर नेऊन नाही. हे बघायला वेगळा वेळही लागत नाही.

शिक्षकांनाही एक सांगायचंय, कारण परीक्षक उद्या बदलले तरी वर्ग आपल्याच हातात आहे. प्रयोग करून दाखवायच्या आधी फळ्यावर "अपेक्षित उत्तर" लिहू नका. आधी करू दे, टेबल भरू दे, मग सगळ्या गटांची उत्तरं फळ्यावर शेजारीशेजारी लिहा, ९.५, ९.९, १०.९, ९.७, आणि मुलांनाच विचारा की हा १०.९ कुठून आला. त्या गटाची चेष्टा होऊ द्यायची नाही, ही जबाबदारी आपली. त्यांच्याकडून परत मोजून घ्या सगळ्यांसमोर.

पुढच्या परीक्षेच्या मार्कांचा तक्ता काढताना निदान एका प्रयोगात हे करून बघा. समजा दहा मार्कांचा प्रयोग आहे, तर मांडणी आणि उपकरण हाताळणीला तीन, टेबल आणि रीडिंगच्या खरेपणाला तीन, ग्राफ किंवा गणिताला दोन, चूक कुठे झाली असेल ते सांगता येण्याला दोन, आणि पुस्तकातल्या आकड्याशी जुळण्याला शून्य. एका बॅचवर करा, तपासायला किती वेळ जास्त लागला ते लिहून ठेवा, आणि जमलं नाही तर कुठे अडलं तेही लिहा, मी बदल सुचवायला तयार आहे.

आपली,
विज्ञान शिकवणारी एक शिक्षिका